नंदनची तिसरी टर्म

४ ऑक्टो., शनि.
नंदनच्या गराजमध्ये मीटिंग. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची तिसरी टर्म हवी आहे त्याला. आजवर आपल्याकडे निवडणूक अशी कधी झालीच नाही. दोन-चार फोन झाले, की बिनविरोध. या वेळी ऋचा पानसेने अर्ज भरला आहे. चौतिशीची, चुणचुणीत. नं. दुखावलाय. "मी काय कमी केलं रे?" प्रचाराची सूत्रं माझ्याकडे. खरं सांगायचं तर मजा वाटली. वीस वर्षं लोकांचे प्रोजेक्ट ओढले, आता आपल्या माणसाचा.

७ ऑक्टो., मंगळ.
लंचमध्ये सभासदांची यादी घेऊन बसलो. जुनी मंडळी नं.ची, नवी जोडपी ऋचाची. मधे राहिली आपली नुकतीच अठराची झालेली पोरं. त्यांना मत आहे आणि त्यांना कुणी विचारत नाही! मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणून मेसेज दोन. मोठ्यांना मराठीत, पोरांना इंग्लिशमध्ये. नं. म्हणाला, "डोकं आहे तुला." आहेच.

१० ऑक्टो., शुक्र.
मुद्दा सापडला. ऋचा कार्यक्रम झकास करेल, पण घरात कुणी गेलं तर पहिला फोन कुणाला? नं.ला. अंत्यविधी, भारतातून येणाऱ्यांचे व्हिसा, महिनाभर डबे. हेच लिहायचं. शुभा म्हणाली, "दुसऱ्याच्या घरच्या मयतावर मतं मागणार तुम्ही?" म्हटलं, केलेलं सांगतोय, खोटं नाही. बायकोने उठून भांडी लावायला घेतली. म्हणजे पटलेलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
मेसेज झाला. तीन घरांची उदाहरणं, नावं नाहीत. तेवढं भान आहे. अविनाशचं सगळ्यात छान उतरलं: ‘सहा वर्षांपूर्वी आपला एक मित्र अचानक गेला. पोलिसांपासून कोरोनरच्या ऑफिसपर्यंत अध्यक्ष त्या कुटुंबाबरोबर होते. बारा वर्षांच्या लेकीचा हात त्यांनी सोडला नाही.’ लिहिताना डोळे भरले. अवि माझाही मित्र. नं.ने वाचलं न वाचलं, थम्स अप. दुपारी दोन्ही याद्यांना पाठवून दिलं.

१३ ऑक्टो., सोम.
अविची लेक इरा गेल्या महिन्यात अठराची झाली. पोरांच्या यादीत तिचं नाव होतं. मीच घातलेलं.
सकाळी तिच्या आईचा, मीनल वहिनींचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "सुधीर, बाबांचं हार्ट बंद पडलं एवढंच तिला माहीत होतं. पोलीस कशाला, कोरोनर कशाला, विचारतेय. म्हटलं, अचानक गेलं की असंच असतं इथे. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं तिने."
अविने जीव दिला होता. अशा मृत्यूची चौकशी इथे कोरोनर करतो. मुलांसमोर बोलायचं नाही, हे नं.नेच तेव्हा ठरवलं, आणि अख्ख्या मंडळाने सहा वर्षं पाळलं. चहाड्या करणाऱ्यांनीसुद्धा. मोडलं मी. स्वच्छ इंग्लिशमध्ये.
इथे बारावीची परीक्षा वर्षाअखेरीस. इराची दोन आठवड्यांवर.

१४ ऑक्टो., मंगळ.
वहिनींनी तिला सगळं सांगितलं. इरा खोलीबाहेर येत नाही.
नं.कडे गेलो. म्हटलं, मेसेज मागे घेऊ, माफी मागू. "मागे घेतलास तर ज्या पोरांना कळलं नाही त्यांनाही कळेल. गप्प बस आता. एजीएमनंतर दोघं वहिनींकडे जाऊ." मुद्दा बरोबर होता, म्हणूनच राग आला. मग म्हणाला, "बाकी रिस्पॉन्स चांगला आहे मेसेजला." चहा अर्धा टाकून निघालो.
वाईट माणूस नाही तो. अविची ओळख पटवायला तोच आत गेला होता. मी बाहेर गाडीत बसून राहिलो होतो.

१८ ऑक्टो., शनि.
इरा आली. एकटी, स्वतः गाडी चालवत. शुभाने पोहे पुढे केले, नको म्हणाली.
"काका, हू एल्स न्यू?"
थाप मारता आली असती. म्हटलं, "सगळे."
"एव्हरीवन?"
"हो."
"दर गणपतीला सगळ्या आंटीज मला जास्तीचा मोदक द्यायच्या. आय थॉट दे जस्ट लाइक्ड मी."
"आवडतेसच गं तू सगळ्यांना."
"डोन्ट, काका."
पाच मिनिटांत गेली. मला लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

२६ ऑक्टो., रवि.
एजीएम. नं.चं नाव मी सुचवायचं होतं. उभा राहिलो, सुचवलं, बसलो. भाषण केलं नाही. नं. आरामात निवडून आला. पोरांची बहुतेक मतं आपल्याला, म्हणे. ऋचा येऊन म्हणाली, "सुधीरदादा, कॅम्पेन मस्त केलंत." टोमणा नव्हता, मनापासून म्हणाली. वहिनी आणि इरा आल्या नाहीत. दोघं जाऊ म्हणाला होता, त्याची आठवण केली. "जाऊ रे, तिची परीक्षा होऊ दे."

१९ नोव्हें., बुध.
परीक्षा संपली. सकाळी इराचा मेसेज, इंग्लिशमध्ये. आईला माहीत होतं तेवढं आईने सांगितलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचा फोन तुम्हाला केला होता, असं आई म्हणते. ते काय बोलले, ते मला हवंय. शनिवारी तीन वाजता या. एकटे या.
वहिनींना इतकी वर्षं वाटतं, की आम्ही बोललो.
अविचा फोन आला होता. मी म्हटलं, "मीटिंगमध्ये आहे रे, उद्या करतो." तो बरं म्हणाला. एवढंच. हे मंडळात कुणालाच माहीत नाही, नं.ला नाही, शुभालाही नाही.
शनिवारी जाणार. तिला हेच सांगायचं. सांगायलाच हवं. निदान या वेळी तरी मी ‘उद्या’ म्हणणार नाही.