ट्यूब तापेपर्यंत

प्रिय अर्पिता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

तुझ्या दादानं मागवलेला गिटारचा अ‍ॅम्प तो गेल्यावर आला, हे तुला माहीत आहे. खोकं मी पलंगाखाली ठेवलं होतं. तुझ्याकडं पुण्याला पाठवायचं मनात होतं, पण चालतो की नाही ते बघितल्याशिवाय नको वाटत होतं. आणि बघायचं कसं? वर्षभर घरात काही वाजवायचं नाही, असं आण्णासाहेब काकांनी तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तुझी गिटार त्यांनी गाडीत परत ठेवायला लावली, तेव्हा आई मान खाली घालून बसल्या होत्या. तू आईंकडं एकदा बघितलंस आणि गेलीस, ती अजून आली नाहीस.

मंगळवारी काका तालुक्याला, भूमला गेले. आई मागच्या खोलीत झोपल्या होत्या. मी मंडपवाल्या सिदूला बोलावलं, दार लावलं, खिडकीला चादर लावली. सिदूनं खोकं उघडून अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीतून आत बघितलं आणि म्हणाला, "वैनी, ह्यात आमच्या आज्याच्या रेडिओतला व्हॉल्व्ह हाय की." तुझ्या दादानं मला सांगितलं होतं, ह्याच काचेच्या ट्यूबनं आवाजाला गोडी येते आणि जोर मागच्या ट्रान्झिस्टरचा. सिदूला मंडपातल्या मशिनची सवय, बटण दाबलं की वाजायला लागतं. मी तुझ्या दादाची गिटार जोडून तार छेडली. काही नाही. त्यानं बटणं पुढं फिरवली. तरी काही नाही. सगळी बटणं शेवटाला नेऊन तो म्हणाला, "हे गेलंय, वैनी." मला राहवलं नाही. मी सगळ्या तारांवरून जोरात हात ओढला. तेवढ्यात ट्यूब तापली होती; ती तापेपर्यंत आवाज निघत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

मांडणीवरची भांडी थरथरली. गल्लीत कुत्री भुंकायला लागली. सिदू बंद करायचं सोडून दाराकडं पळाला. मी वळून बघितलं तर आई उभ्या.

मी म्हटलं, चुकलं, काकांनी नको सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं. मला कुणी इचारलं?" मग भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुमी समदे गप बसला. मला वाटलं, माझ्या कृष्णराजचं नाव बी नको झालंय घरात. पोरगी गेली तवा मला रडू आवरत नव्हतं, म्हणून मान वर केली न्हाय. ती समजली, मी नको म्हणते."

संध्याकाळी काका अंगणात येऊन बोलले, अख्ख्या ईट गावाला ऐकू गेलं म्हणाले. आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. "भावजी, लेक माझा हुता," एवढंच बोलल्या. काका चहा न घेता गेले. जाताना म्हणाले, वर्षश्राद्धाला भावकीतलं कुणी ताटावर बसणार नाही.

आईंनीच मला हे लिहायला बसवलं आहे. वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे आणि तू गिटार घेऊन यावंस, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या दिवशी अंगणात कोण येईल, काय बोलेल, मला भीती वाटते. आईंना विचारलं तर म्हणाल्या, स्वयंपाक सगळ्या भावकीचा करायचा, ज्याला जेवायचं तो तुझी गिटार ऐकत जेवेल.

तुझीच वहिनी,
दीपाली