चार नंबरचं टोटल स्टेशन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज रुजू झाले. इलेक्ट्रॉनिक सिटीहून आनेकलच्या बसमध्ये खिडकी मिळाली, हाच पहिला शकुन. साइटच्या गेटवर उतरले तर समोर दोन टॉवर. मोठा बत्तीस मजल्यांचा होणार आहे, आत्ता बाविसाव्यावर आलाय. निपाणीत एवढं उंच काही बघायची सवय नाही, मान दुखली.

माझे साहेब बिंदुमाधवराव, इथल्या क्वालिटी विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना बिंदुअण्णा म्हणतात. घराणं तीनशे वर्षांपासून बेंगळुरात आहे, पण मराठी जपलंय. स्वल्प, सरी असे कानडी शब्द मध्येच येतात, ऐकायला गोड वाटतं. काम समजावताना ते म्हणाले, बांधकाम मोजणारी यंत्रं खरं मोजतात की नाही, हे बघणं म्हणजे तुझं काम. लेव्हल, टेप, टोटल स्टेशन, प्रत्येकाची ठरावीक मुदतीने प्रयोगशाळेत तपासणी व्हायला हवी, दाखला फाइलला लागायला हवा. विभागाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘यंत्रांची जबाबदारी’ या रकान्यात माझं नाव लिहून सही केली. आईला फोन करून सांगितलं. तिने म्हणे शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस नुसते कागद लावतेय. टेपचे दाखले लेव्हलच्या फाइलीत, लेव्हलचे कुठेच नाहीत. एका दाखल्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ, नेमकं तारखेवर.

पण खरी डोकेदुखी चार नंबरचं टोटल स्टेशन. कोन आणि अंतर मोजणारं, आतल्या मोटरने स्वतः वळून प्रिझम, म्हणजे काठीवरची किरण परतवणारी काच, शोधणारं, साइटवरचं सगळ्यात चांगलं यंत्र. त्याची मुदत गेल्या ऑगस्टमध्ये संपली आहे. त्यानंतर मोठ्या टॉवरचा प्रत्येक मजला त्याच्यावरच आखला गेलाय. सर्व्हेअर मल्लाप्पांना विचारलं. ते म्हणाले, उल्हाससाहेब बघायचे ते. उल्हास म्हणजे माझ्या आधीचा. तो कुठे आहे विचारलं, तर मल्लाप्पा ट्रायपॉडचे स्क्रू आवळायला लागले.

मी यंत्रावर ‘वापरू नये’ची पिवळी चिठ्ठी लावली. दुपारी ती कुणीतरी काढलेली होती. पुन्हा लावली. संध्याकाळी पुन्हा नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज स्वतःच चाचणी घेतली. कंपाउंडच्या भिंतीलगत एकमेकांपासून साठ मीटरवर दोन खिळे ठोकलेले आहेत. एकावर यंत्र, दुसऱ्यावर प्रिझमची काठी घेऊन चंद्राबाई. बाई भालकीकडच्या, पन्नाशीच्या, काठी धरतात ती अजिबात हलू देत नाहीत.

यंत्र सुरू केलं, शोधायचं बटण दाबलं. ते चंद्राबाईंकडे वळायच्या ऐवजी उलट फिरलं आणि मोठ्या टॉवरच्या लिफ्टच्या शाफ्टवर थांबलं. सापडलं म्हणून टिक् वाजलं. अंतर ११८.६४०. तिथे प्रिझम नाही, माणूस नाही. मल्लाप्पा म्हणाले, काहीतरी चकाकत असेल. जाऊन पाहिलं. उघडा शाफ्ट, खाली फळ्या टाकून बंद केलेला. चकाकणारं काही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. दिशा तीच. अंतर १०३.२२७. म्हणजे शाफ्टच्या बाहेर, मोकळ्या जागेत. संतापून यंत्र पेटीत घातलं आणि प्रयोगशाळेला पाठवून दिलं. बिंदुअण्णा नाराज झाले, म्हणाले आधी विचारायचंस गं. चार वेळा विचारलं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्र परत आलं. दाखला दोन पानी. दुसऱ्या पानावर लिहिलंय की यंत्र आलं तेव्हा कोनात मोठी चूक होती, साठ मीटरवर चार सेंटिमीटरची. कधीतरी जोरात आपटलं असावं. आता दुरुस्त केलंय, आता अचूक आहे.

फोन करून विचारलं, स्वतःच भलतीकडे वळतं त्याचं काय. तिथल्या माणसाने फार नम्रपणे विचारलं, मॅडम, तुमच्याकडे यंत्र चालवायला शिकलेलं कुणी आहे का.

दुपारी लावलं. ७१.९०५. तिथे ट्रकचा रस्ता आहे, नुकतंच पाणी मारलेला, रिकामा. मी भिंगाला डोळा लावला. भिंगातल्या फुलीच्या मधोमध एक हेल्मेट दिसलं. पिवळं, मागे चकाकती पट्टी. खाली मान घालून कुणी उभं असावं तसं, म्हणून चेहरा नाही. डोळा काढला तर रस्त्यावर कुणी नाही.

उन्हाने असेल. जेवले नव्हते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यंत्राच्या मेमरीत जुनी मोजमापं राहतात. उल्हासच्या नावाची एक फाइल सापडली. ऑक्टोबरपासूनची, रोज एक नोंद. १०९. ९६. ८०. ५२. उतरत उतरत १८ नोव्हेंबरला १.९. त्यापुढे काही नाही.

ते आकडे घेऊन बिंदुअण्णांसमोर बसले आणि उठायचं नाही असं ठरवलं. शेवटी त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरमध्ये शाफ्टमध्ये योगीराज नावाचा फिटर अकराव्या मजल्यावरून पडून गेला. फळ्या ज्या लोखंडी प्लेटांवर टेकतात, त्या या यंत्राने आखून बसवल्या होत्या. चार सेंटिमीटर सरकलेल्या. फळी नुसती कडेवर टेकली होती. चौकशीला अधिकारी आले तेव्हा उल्हासने यंत्र बरोबर असल्याचा दाखला दिला, मागची तारीख घालून. योगीराजच्या नावापुढे निष्काळजीपणा लिहिलं गेलं.

उल्हास कुठे आहे? अण्णा म्हणाले, नोव्हेंबरात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत टेबलावरून उठला, डबा उघडा ठेवून. अजून त्याची आई फोन करते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

७ मार्चला बाहेरचे तपासनीस येणार आहेत. अण्णांनी एक कागद समोर ठेवला: चार नंबरचं यंत्र ऑगस्टपासून आजपर्यंत सलग अचूक होतं. खाली माझं नाव टाइप केलेलं. दाखल्याचं दुसरं पान फाइलीत नव्हतं.

मी नाही म्हटलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“पवित्रा, स्वल्प समजून घे. काम थांबलं तर चारशे माणसं उद्या घरी बसतील. योगीराज काही परत येणार नाही.”

“मग त्याच्या नावापुढचं तरी खोडा, अण्णा.”

“ते आपल्या हातात नाही गं. सही आपल्या हातात आहे.”

अडीच तास. दोनदा बाहेर जाऊन आले. घरी काय सांगायचं, तीन आठवड्यांत परत आले म्हणून? निपाणीच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरलेली मी डोळ्यांसमोर यायला लागले.

केली सही.

३ मार्च, सोमवार

३८.४.

आज मल्लाप्पांना एकट्याने चालवायला सांगितलं. मी गेटपाशी थांबले. यंत्र सरळ चंद्राबाईंच्या प्रिझमकडे वळलं. दहा वेळा. मी जवळ गेले, तर फिरलं. जागा बदलली, कॅन्टीनमागे लावलं. तरी फिरलं.

चंद्राबाईंनी काठी खाली ठेवली. योगीराज त्यांच्याच गावाकडचा. त्यांनी हळूच विचारलं, “ताई, तुम्ही काही लिहून दिलंय का?”

मी हो म्हटलं.

“मागं घ्या ते.”

५ मार्च, बुधवार

कसं मागे घ्यायचं? तो कागद आणि नोंदवही अण्णांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. मुख्य ऑफिसला मेल केली, सही दबावाखाली केली, खोटी आहे. वीस मिनिटांत उत्तर: आपली तक्रार आपल्या क्वालिटी प्रमुखांकडे पाठवली आहे. म्हणजे अण्णांकडेच. टेबलावर डोकं ठेवून हसले, मग रडले. प्रयोगशाळेकडे दुसऱ्या पानाची प्रत मागितली. तर म्हणे अर्ज क्वालिटी प्रमुखांच्या सहीने हवा.

१९.७. भिंगातून पाहिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

चालत येत नाही. पावलं नाहीत, आवाज नाही. दर वेळी नुसतं जवळ असतं.

सकाळी अंतर ११.०, जेवणानंतर ६.३. भर उन्हात, माणसांच्या गर्दीत. मल्लाप्पा यंत्र लावायला तयार नाहीत. खोलीवर जाऊन बॅग भरली, बसमध्ये बसले, आणि आनेकलच्या स्टँडवर उतरून परत आले. उल्हासही कुठेतरी गेलाच असेल ना. जाऊन काय झालं —

अण्णा म्हणाले, उद्याचा दिवस काढ, मग सुट्टी घे.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी ११.२०. तपासनीस आलेत, मीटिंगच्या खोलीत आहेत. दार लावलंय. दोनदा ठोठावलं. अण्णांनी फटीतून सांगितलं, नंतर.

मीच यंत्र केबिनमध्ये लावलं. माहीत नसणं जास्त वाईट. सुरू केल्याबरोबर माझ्या खुर्चीच्या मागे वळलं.

२.४.

११.३५

तपासनिसांना द्यायला लिहून काढते आहे. वही नाही तर नाही, या डायरीचं पान फाडून देईन. चंद्राबाई दारात उभ्या आहेत, त्या पान नेतील म्हणाल्या. त्या आत येत नाहीत. माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या खांद्यावरून मागे बघतायत.

पडद्यावर आकडा गेला. ‘फार जवळ’ असं लिहून आलंय. दीड मीटरच्या आतलं हे यंत्र मोजत नाही.

सिमेंटचा वास. ओल्या सिमेंटचा.

चंद्राबाई म्हणतायत, ताई, उठा, तसंच चला. पण दोनच ओळी राहिल्यात, उठले तर या पुन्हा लिहिल्या जाणार नाहीत, मला माहीत आहे.

योगीराजची चूक नव्हती. यंत्राची चूक होती आणि आम्हाला माहीत होतं. २७ फेब्रुवारीच्या कागदावरची सही माझी आहे, आणि ती ख