हातातली कैरी

मंगळवार, दिवेलागण

सोमीबाईनं आज माह्या हातातली कैरी हिसकावली. वरून हातावर चापट! शेजारीण माही, एरवी पळसाच्या पानात मोहफुलं नाई तं चारोळीची फळं घेऊन दारात उभी राहते. अन् आज एका कैरीसाठी?

"पंडुम झाला नाई अजून. नवं फळ आधी देवाले, मंग आपल्याले."

मले रागच आला. मागच्या साली याच झाडाची कैरी तिनंच कापून देल्ली होती. तवा मी मूल गावाहून इथी एटापल्लीकडे नवीनच आली होती, दवाखान्यात नर्स म्हणून. म्हणे, "खा बाई, तू पाहुणी. तुले कायचा नेम?" सारं गाव पंडुमच्या पूजेसाठी थांबलेलं, अन् मी एकटी कचाकचा खाऊन राह्यली होती.

मंग यंदा काऊन नाई? तोंडावरच विचारलं तिले.

ती हासली. "यंदा तू कायची पाहुणी व?"

कैरी पदरात बांधून गेली बी.

तोंडाले पाणी सुटून राह्यलं, हात अजून चुरचुरते, अन् मी एकटीच हासून राह्यली. तिखट-मीठ वाटीत काढलंच होतं. तसंच झाकून ठेवलं, पंडुमपर्यंत.