एक मीटर कमी पाणी

३ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं खोली मोजायचं यंत्र सुखरूप पोचलं. खोक्यात कागद इतका कोंबला होतास की तुझ्या आईला वाटलं, पोरीनं रद्दी पाठवली आणि यंत्र दुकानातच विसरली. होड्यांची यंत्रं विकणाऱ्या दुकानात लेक नोकरीला असली की बापाला नव्या वस्तू मिळतात, हे मात्र खरं.

ओहोटीला होडी वाळूवर कलती करून घेतली. मागच्या फळीला आधी लाकडाचा ठोकळा बसवला आणि सेन्सर त्या ठोकळ्यावर, म्हणजे उद्या जागा बदलायची झाली तर होडीला नव्यानं भोकं नकोत. इंजिनाच्या पंख्यापासून लांब घेतला, नाहीतर बुडबुड्यांत बिचारा आंधळी कोशिंबीर खेळायचा. वायर इंजिनाच्या वायरीपासून वेगळी नेली. ही कल्पना जावईबापूंची. नाही म्हणायला कामाचं बोलले एवढंच. एरवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात गुळणी धरल्यासारखे. धाकटीनं यांच्यात काय पाहिलं, तिचं तिला ठाऊक.

आता मुद्द्याचं. यंत्र मीटरमध्ये बोलतं, म्हणून मी पाण्याची खोली बघायच्या ओळंब्याला नवी दोरी लावली आणि तुझ्या आईच्या शिवणाच्या टेपनं मोजून दर मीटरला गाठ मारली. धक्क्याशी ओळंबा टाकला. दोरी म्हणाली तीन, यंत्र म्हणालं दोन. सेन्सर वीतभर पाण्याखाली आहे, तेवढं मी आधीच धरलं होतं. मग बाकीचं पाणी प्यालं कोण? बर्फवाला वरून बघत होता. त्यानं सगळ्या धक्क्याला ऐकवलं की मालकांची मोजणी आता गंडायला लागली. जावईबापू हसले नाहीत. खाली मान घालून पाना पुसत बसले. हसले असते तर बरं वाटलं असतं.

उत्तर लवकर धाड. लोभ आहे तेवढा असू दे, वर चिमूटभर घातलास तर परत पाठवणार नाही.

तुझा बाबा

---

८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून काउंटरवरच हसत बसले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्यालाच हसते.

सेन्सर अगदी योग्य जागी बसवलात. आमच्याकडचे शिकलेले फिटरही ठोकळा लावायचा कंटाळा करतात. राहिला एक मीटरचा प्रश्न. बाबा, यंत्राआधी टेपकडे बघा. आईची ती टेप कितीदा खिशातून धुण्यात गेली असेल! कापडी टेप आकसते. गाठी जवळजवळ पडल्या असतील, म्हणून दोरी जास्त पाणी सांगते. म्हणून मला वाटतं, दोरीवर फार भरवसा ठेवू नका. यंत्र म्हणेल तेच धरून चाला. विशेषतः खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर. यंत्रानं दोन म्हटलं तर दोनच समजा आणि भरतीची वाट बघा. घाई कुणाला आहे?

आणि जावयांवर इतका राग नको. कमी बोलणारी माणसं घरात एक तरी असावीत, नाहीतर आपल्या घरात ऐकायला कोण?

इकडे सगळं ठीक. हे फिरतीवर आहेत, माझा धाकटा मुलगा दाताच्या डॉक्टरला चावला. आईला साष्टांग. माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली थोरली

---

१५ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या टेपला आकसलेली म्हणालीस, ती दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. जसं काही मीच म्हणालो.

पण पोरी, बाप फार शाळा शिकला नाही म्हणजे त्यानं डोकं घरी ठेवलंय असं नाही. टेप आकसली तर ती सगळीकडे आकसणार. दोन मीटरला थोडी चूक, वीस मीटरला दसपट. बरोबर ना? म्हणून मी तीन ठिकाणी ओळंबा टाकला. धक्क्याशी, दिव्याच्या खांबासमोर आणि बाहेर चिखलाच्या पट्टीवर. उथळ पाण्यात एक मीटर कमी, मध्यम पाण्यात एक मीटर कमी, आणि खोल पाण्यात, जिथं दोरी हातातून संपत आली तिथंही बरोबर एकच मीटर कमी. ही चूक नव्हे. चूक अशी शिस्तीत वागत नाही. हे कुणीतरी हातानं केलंय.

आता होडीवर माणसं दोन. मी केलेलं नाही.

का केलं, तेही माझ्या ध्यानात आलंय. मी सवयीनं म्हणायचं इथं चार पाणी, आणि यंत्रानं चारचौघांत म्हणायचं तीन. असं महिनाभर चाललं की धक्काच म्हणेल, म्हाताऱ्याला आता पाणी कळत नाही. मग सुकाणू कुणाच्या हातात? सांगायला नकोच.

आणखी ऐक. यंत्राची पुस्तिका त्यांच्या सदऱ्याच्या आत असते. मी मागितली तर म्हणाले, ओली झालीय, वाळत घातलीय. पोस्टमनशी डिझेलच्या पंपावर गाठ पडली, तर तो सहज बोलून गेला की तुमच्या जावयांना हल्ली तुमच्या थोरलीच्या गावचा शिक्का असलेली पत्रं येतात. तुझ्या गावात त्यांचं कोण आहे ग? जरा चौकशी कर. धाकटीला विचारलं तर ती पातेलं घासायला लागली. घासलेलंच पातेलं.

मी ठरवलंय. त्या यंत्रावर गोणपाट टाकलंय, खोटं बोलणाऱ्याचं तोंड बघायचं नाही. येत्या रविवारी सकाळी होडी मी एकटा बाहेर काढणार, दांड्यावरून, माझ्या अंदाजानं. आणि परत आल्यावर जावईबापूंना सांगणार की दुसरी होडी बघा. धाकटी रडेल. मी दार लावून बसेन.

तुझ्यावर तरी भरवसा आहे, म्हणून लिहिलं. तो तसाच राहू दे.

तुझा बाबा

---

१६ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न.

मला पत्र लिहिणं जमत नाही, तरी लिहितो.

बाबांनी तीन जागी ओळंबा टाकला. दर वेळी गाठी दोनदा मोजल्या. मला तेव्हाच कळलं की यांनी पकडलं. तुम्ही लिहिलंत तसंच मी केलं होतं, यंत्राच्या सेटिंगमध्ये एक मीटर कमी. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता, तोही पाळला. तुमच्या बहिणीनंही पाळला.

माझ्यावर संशय घेतात त्याचं काही नाही. सासऱ्यानं जावयावर नाही घ्यायचा तर कुणावर घ्यायचा? पण आता ते यंत्रावर घेतात. गोणपाट टाकलंय. रविवारी एकटे जाणार म्हणतात. दांड्यावर पाण्याचा रंग बदलतो तो त्यांना दिसत नाही, ताई. मागल्या महिन्यात पांढऱ्या वाळूला खोल पाणी म्हणाले. मी ठेचकाळल्यासारखं करून सुकाणूवर पडलो, म्हणून होडी वळली. मला त्यांनी धांदरट म्हटलं. दर वेळी कसं पडणार?

मला शब्दातून सोडवा, नाहीतर तुम्ही सांगा. रविवारच्या आत.

आपला,
धाकटीचा नवरा

---

१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र आमच्या दुकानाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. तो तुमच्याच हातात देईल. आधी वाचा, मग रागवा.

माझ्या गावात जावयांचं कोण आहे, असं विचारलंत. मी आहे. ती पत्रं माझी. यंत्र एक मीटर कमी दाखवेल असं करा, हे मी त्यांना लिहिलं. कुठलं बटण किती वेळ दाबायचं तेही मीच लिहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं. उलट त्यांनी कळवलं होतं की बाबांना सरळ सांगू या. मीच नको म्हटलं. तुमच्यासमोर डोळ्यांचा विषय काढायची माझी छाती होईना.

बाबा, तुम्हाला दांडा दिसत नाही. धाकटीला दिसलंय, आईला दिसलंय. सुईत दोरा तुम्ही ओवायचात, आता आई ओवते आणि तुम्ही दुसरीकडे बघता. मी विचार केला, यंत्रानं पाणी थोडं कमी सांगितलं तर तुम्ही थांबाल, भरती येऊ द्याल, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. सगळ्यांची अब्रू राहील. माझ्या डोक्यात हे आलंच नाही की तुम्ही ओळंबा टाकून तपासाल. यायला हवं होतं. तुमचीच लेक ना मी?

मग टेपची गोष्ट रचली. त्याबद्दल आईची वेगळी माफी मागते.

आता जे झालं ते उलटंच झालं. यंत्र खोटं निघालं म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघेनासे झालात. रविवारी एकटे जाऊ नका. त्यांना होडीवरून काढायचं असेल तर आधी मला लेक म्हणून काढा, कारण अपराध माझा आहे. त्यांनी फक्त शब्द पाळला, आणि त्यापायी तुमची बोलणी खाल्ली.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, पण मागते.

आपली थोरली

---

२२ फेब्रुवारी

चि. सौ. थोरलीस,
आशीर्वाद. किती, ते मागाहून ठरवू.

तुझा गाडीवाला रविवारी सकाळी धक्क्यावर आला तेव्हा मी दोर सोडत होतो. जावयाचा रेनकोट आणि डबा मी वर फळीवर काढून ठेवला होता. जावई तिथंच शेजारी उभा होता. तंटा नाही, विनवणी नाही. फक्त दोराचं दुसरं टोक धरून होता आणि सोडत नव्हता. मी ओढतोय, तो धरतोय. बर्फवाल्याला फुकटचा तमाशा.

एरवी तुझी पत्रं तुझी आई वाचून दाखवते, हे मला एकट्याला वाचता येईना. हात लांब केला, जवळ आणलं, अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. शेवटी त्यालाच दिलं वाचायला. त्यानं सगळं वाचलं, ‘त्यांनी फक्त शब्द पाळला’ एवढं वाक्य सोडून. ते मला मागाहून तुझ्या आईनं वाचून दाखवलं.

राग आला. अजून आहे. म्हातारा झालो म्हणा, आंधळा म्हणा, पण मला मोजून खोटं पाणी देऊ नका. जन्मभर पाण्यानं मला फसवलं नाही, आणि पोटच्या पोरीनं फसवलं. तुझ्या पत्रांत ‘इकडे सगळं ठीक’ असतं, त्यातही किती कमी करून लिहितेस कोण जाणे. यापुढे तुझ्या प्रत्येक पत्रात ओळंबा टाकून बघणार आहे. तुझे यजमान फिरतीवरून आले का? खरं लिही.

ते असो. गोणपाट काढलं. त्याला म्हटलं, आधी यंत्र खरं कर. त्यानं सदऱ्यातून पुस्तिका काढली, वाळलेली, आणि माझ्यासमोर बटणं दाबली. धक्क्याशी दोरी तीन, यंत्र तीन. मग मी त्याला अरे म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हटलं, अरे, चढ होडीत, डबा विसरू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गुरुवारी जायचं तुझ्या आईनं ठरवलंय. मी हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

दांड्यापाशी आलो. समोर सगळं पाणी मला एकसारखं दिसत होतं, हे तुला लिहितो, धक्क्यावर बोलणार नाही. मी सुकाणूवरून उठलो आणि त्याला बस म्हटलं. तो बसला. मी पुढं जाऊन, पाठ त्याच्याकडे करून विचारलं, किती? त्यानं यंत्र बघून दोन सांगितलं. मग पावणेदोन. मग पुन्हा दोन. ओळंबा माझ्या पायाशीच होता.

मी टाकला नाही.

पलीकडे गेलो तेव्हा त्यानं डबा उघडून दोघांच्या मधे ठेवला. बोलायची त्याला सवय नाहीच.

माया आहे. रागाखाली आहे, पण आहे.

तुझा बाबा