पितळी खिळा

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी दुकानातली खुर्ची विकली गेली. साठेक वर्षांपूर्वीची, नावाजलेल्या डिझायनरची, सागवानी. मागचा डावा पाय तेवढा नवा, आमच्या मिस्त्रींनी, रशीदचाचांनी बसवलेला. ते बदललेल्या पायात पितळी खिळा ठोकतातच. मला वाटायचं, जुनं-नवं ओळखू यावं म्हणून. परवा मीच तो पकडीनं उपटला, भोक मेणानं बुजवलं आणि आज घेणाऱ्या बाईंना बेधडक सांगितलं, सगळी अस्सल आहे. एवढ्याशा खिळ्यानं काय होतंय?

पाचला चाचा आले. टेबलावरचा खिळा बघून थबकलेच.

"ये किसने निकाला, ताई?"

"मी. तुमची खूण दिसू नये म्हणून."

"खूण कसली? जोड ढिला व्हता. अख्खा पाय त्याच्यावरच व्हता."

तेव्हापासून फोन लावतेय. बाई उचलत नाहीत. त्या लासूर स्टेशन गावच्या, एवढंच माहीत. पत्ता का नाही घेतला मी? खिळा अजून समोरच पडलाय, बोटभर लांब.

जाताना किती खुशीत होत्या! म्हणाल्या, "आईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. आज संध्याकाळी घरी आणतोय. आल्या आल्या हिच्यातच बसवणार."