अर्धा तास उभी राहिलेली जीप

उस्ताद, काल मी माझ्या मुलाच्या हातावर पाना मारला. अंगठ्याचं हाड मोडलं. क्लासच्या पोरांची व्हॅन तोच चालवतो. मागं पोरं परीक्षेला उशीर होतोय म्हणून ओरडत होती, इंजिन तापून लाल, आणि हा घाईघाईत रेडिएटरचं झाकण पिळायला गेला. कूलंट कमी झालं की गडी बोअरचं पाणी ओतून मोकळा. त्या पाण्यानं आत क्षार धरतो, गाडी थंड असताना कूलंटच्या डब्यावरच्या दोन रेघांमध्ये पातळी बघायची, हे त्याला शंभरदा सांगितलंय. पालथ्या घड्यावर पाणी. दवाखान्यात तो म्हणाला, "तोंडानं सांगता येत न्हवतं का, अप्पा?" हेच तुम्हाला विचारायचं मी जन्मभर टाळलं.

भूकंपाची सकाळ. जीप मी चालवतोय, शेजारी तुम्ही. मागं ढिगाऱ्यातून काढलेली पाच माणसं, त्यात एक बाई, मांडीपासून पाय चेंदलेला, आणि तिला धरून बसलेला तिचा धडधाकट नवरा. लातूर अजून लांब आणि बॉनेटमधून वाफ निघते. मी झाकणाला हात घातला आणि तुम्ही पाना हाणला. दोन बोटं मोडली, ती आजही नीट मिटत नाहीत. "तोंड शिजलं असतं तुझं," एवढंच म्हणालात. तेवढ्यात तो नवरा कुठूनशी घागर भरून घेऊन पळत आला. "वता की पाणी, मरून राहिली ती!" तुम्ही त्याला ढकललंत. तो उठला आणि त्यानं तुमचा गळा धरला. तुम्ही त्याच्या तोंडावर बुक्की मारलीत, दात पडला. "तापल्या इंजनात गार पाणी गेलं तर हेड तडकंल, गाडी हलायची न्हाई. मग पाचीबी हितंच मरतील. थांब." तो रक्त थुंकत बायकोजवळ जाऊन बसला. अर्ध्या तासानं झाकण निघालं, तुम्ही पाणी थोडं थोडं सोडलंत. तोवर ती गेली होती. बाकीचे चौघं जगले.

मला मात्र तीच दिसायची. तुमच्या गॅरेजात तुमचाच चहा पीत मी मनात तुम्हाला खुनी म्हणत आलो. पुढं तडकलेली हेडं स्वतःच्या हातानं उतरवली, तेव्हा तुमचं खरं होतं हे पटलं. राग तरी गेला नाही. काल मुलाच्या हाताला प्लास्टर घालताना बघितलं आणि पहिल्यांदा तुमची कीव आली.

हे कुठं धाडणार? एक सांगायचं राहिलं. तुमच्या मयतीला मी आलो नाही. उदगीरचं भाडं लागलंय, असा निरोप दिला होता. भाडं नव्हतं, उस्ताद. मी घरातच होतो, आतून कडी लावून.