आई म्हण, माय नको

कामरगाव,
सोमवार

प्रिय ललिता,

काल बाजारात कमलने भाजीवालीला सांगितलं की मी तिची माय नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. एरवी मी तुला कार्डावर चार ओळी लिहून मोकळी होते, तसं या खेपेला जमेना. तू म्हणशील, पोरीने चुकीचं काय सांगितलं? तिची माय तूच, मी तिची आजी. पण क्रमाने सांगते. क्रमाने सांगितलं तर कदाचित मलाही काही उमगेल.

दिवाळीपासून सुरू करते. तू लाल रिबिनी घेऊन आलीस आणि कमल दाराआडून म्हणाली, "ललिताताई आल्या." तू हसलीस. त्या दुपारी तू घरातली सगळी भांडी घासून काढलीस, घासलेलीसुद्धा. रांगती पोर माझ्याकडे ठेवून तू नर्सच्या शिक्षणाला गेलीस, तेव्हा ते शिक्षण पुरं कर म्हणून मीच तुझ्यामागे लागले होते. आता शिक्षण झालं, नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळालं. दिवाळीनंतर तुझं पत्र आलं की कमलला पाठव. मी कळवलं, ती तुला ओळखत नाही, उन्हाळ्यापर्यंत थांब. तू पुन्हा लिहिलंस, मी पुन्हा तेच कळवलं.

हे मी मायेच्या भरात लिहिलं नव्हतं, विचार करून लिहिलं होतं. निदान तसं मला वाटत होतं. कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं; त्यातलं पुष्कळ विसरले, पण शाळेत आईबाप येतात तेव्हा त्यांना सांगायला पुरेल इतकं उरलं आहे. पोराचं भलं कशात हे कळत नसेल तर आधी वाईट कशात ते शोधा आणि तेवढं टाळा. काही करण्याआधी "मग पुढे काय?" असं विचारा, आणि उत्तर मिळालं की पुन्हा तेच विचारा. परवा इंझोरीकडच्या तांड्यातला सेवादास शाळेतून मुलीचं नाव काढायला आला, कापूस वेचायला न्यायची म्हणून. मी विचारलं, मग पुढे काय? तो म्हणाला, "पुढं काय बाई, पुढं तूर." बाकीच्या शिक्षिका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही. मुलीचं नाव काढलंही नाही.

कमलच्या बाबतीत मी हीच रीत वापरली. वाईट कशात? पोरीला अनोळखी घरात एकदम नेऊन सोडण्यात. मग पुढे काय? रडेल, जेवणार नाही. तुझी रात्रपाळी, जावईबापू दिवसभर कचेरीत. मग पुढे? आजारी पडेल. इतकं सरळ. उत्तर दर वेळी एकच यायचं, ठेवून घे. उत्तर सारखं आपल्या सोयीचं येऊ लागलं तर मांडणी पुन्हा तपासा, असं मी मुलींना गणिताच्या तासाला सांगते. घरी ते मला आठवलं नाही, की आठवूनही मी ऐकलं नाही, हे आता सांगता येत नाही.

तर कालचा बाजार. प्रयागबाईकडे वांगी घेत होते. गावाला लागून मळा आहे ती प्रयागबाई. मिरची बरी, पण तिची जीभ नको. माझं चित्त तुझ्या पत्रात होतं, म्हणून भाव न करताच पैसे काढले. ती कमलला म्हणाली, "काहून व पोरी, तुही माय आज भांडून नाही राह्यली? बरं नाही काय तिले?" कमलने कोथिंबिरीची जुडी पिशवीत घातली आणि म्हणाली, "हे माय नाही. हे आई हाय. माय नागपूरले हाय." प्रयागबाई तराजू तसाच हातात धरून हसायला लागली. "अन् आई अन् माय अलग अलग रायते काय व?" "हो," कमल म्हणाली. "आई शाळेत जाते, माय दवाखान्यात जाते. माय म्हटलं तं आई रागावते, म्हून मी म्हनत नाही." माझ्यासमोर, चांगल्या खणखणीत वऱ्हाडीत!

या घरात माय, काहून, कायले चालत नाही हे तुला सांगायला नको. तूही लहानपणी मला माय म्हणालीस, तेव्हा तुला मी पाटीभर "आई" गिरवायला लावलं होतं. कमल बोलू लागली तेव्हा तू सुटीत आलीस की मला आई म्हणायचीस, म्हणून तीही म्हणाली. शेजारच्या मुली तुला ललिताताई म्हणायच्या. संध्याकाळी मी तिला विचारलं, दिवाळीत ताई का म्हणालीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला बेरीज येत नाही. म्हणाली, "आई तर तू आहेस ना. आणि माय म्हणायचं नाही." मग उरलं काय? ताई. तिच्या मांडणीत मला एकही चूक सापडली नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ती तुला ओळखते, म्हणजे माझं कारण गेलं. लगेच दुसरं पुढे आलं, रात्रपाळी. ते बाजूला सारलं तर तिसरं, तिथली हवा. कारणं अशी एकामागे एक तयार उभी पाहून शंका येते की ती कमलसाठी नसावीत. पण उलटही वाटतं. एका शब्दावरून पोर उचलून पाठवायची, हा काय विचार झाला? ती तिथे "आई, आई" करून रडली, तर तू कोणत्या तोंडाने तिची समजूत घालशील? पीठ मळताना पाठवायचं ठरतं, भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ठेवायचं ठरतं. माझ्यापुढे येणारे आईबाप खाली मान घालून उभे राहतात, ते मला मूर्ख वाटायचे.

शेवटी एवढंच धरून ठेवलं की चूक झालीच, तर दुरुस्त कोणती होईल. पाठवणं चुकलं तर मी मोटारीत बसून येईन आणि घेऊन जाईन. ठेवणं चुकलं तर ही वर्षं तुला कुठून आणून देऊ? इतके दिवस मी समजत होते की पाठवणं म्हणजे तोडणं आणि ठेवणं म्हणजे नुसतं थांबणं. आता नेमकं उलटं दिसतं. उद्या काय दिसेल ठाऊक नाही. हे उत्तर माझ्या सोयीचं नाही, त्यावरून ते बरोबर असावं, इतकंच म्हणू शकते.

आज तिला सांगितलं, नागपूरला माय म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. म्हणाली, "तू रागावशील." म्हटलं, नाही रागावणार. तिने विचारलं, "काहून?" मी शब्द सुधारला नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर तुझं उत्तर येईपर्यंत माझं मन फिरेल. म्हणून सकाळच्या मोटारीने आमच्या शाळेच्या मोतीबाईला नागपूरला धाडते आहे. दार उघडल्यावर तिने आधी पत्र पुढे केलं असेल आणि तू उंबऱ्यातच वाचत उभी असशील, तर आता वाचणं पुरे. तिला आत घे.

तुझीच,
आई

मोतीबाईजवळ सोपवलं ते:
फ्रॉक आणि परकर-पोलकी, धुतलेली. पिवळं पोलकं काखेत तंग होतं, उसवून घे.
गोधडी. तिच्याशिवाय झोपत नाही.
पाटी. "श" अजून उलटा काढते, रागावू नकोस.
डब्यात तिळाचे लाडू. उरले असतील तर तुम्हा दोघांना.
कमल. पोच कळव.